हावड्याचा उजेड आणि जुनी काच

निमाई घोष हे मुळात नाटकातले नट. उत्पल दत्त यांच्या लिटल थिएटर ग्रुपमध्ये ते काम करायचे. पुढे जवळजवळ पंचवीस वर्षं ते सत्यजित राय यांच्यामागे सावलीसारखे फिरले आणि रायांचा संच, त्यांचं घर, त्यांचा विचारात बुडालेला चेहरा असा प्रचंड ठेवा त्यांनी फिल्मवर उतरवून ठेवला. या सगळ्याची सुरुवात झाली ती एका टॅक्सीत. कोलकात्यात कुणीतरी आपला कॅमेरा टॅक्सीत विसरलं. तो फिरत फिरत घोषांच्या एका मित्राकडे आला. मित्राकडून घोषांचे काही पैसे येणं होतं, आणि त्या बाकीत कॅमेरा घोषांकडे आला. होता कॅनोनेट क्यूएल १७. तो घेऊन ते 'गुपी गाइन बाघा बाइन'च्या चमूकडे गेले, तालमीत रमलेल्या रायांचे फोटो काढले. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी ते रायांना दाखवले, आणि नटाचा छायाचित्रकार झाला.

लेन्स कशी निवडावी, हे सांगायला बसलेल्या पुस्तिकेच्या तोंडी ही गोष्ट जरा अडचणीचीच. कारण घोषांनी काहीच निवडलं नव्हतं. कॅनोनेटची लेन्स कॅमेऱ्यालाच जडलेली असते, ती निघत नाही. नावातला १७ हा आकडा तिच्या १.७ या अॅपर्चरचा. त्या काळच्या मॉडेलवर तिची नाभीय लांबी ४५ मिमी. म्हणजे कोणी तरी जपानमध्ये निवड करून ठेवली होती आणि ती कोलकात्याच्या टॅक्सीत येऊन पडली. पण घोष आयुष्यभर फ्लॅशच्या नादी लागले नाहीत, असेल त्या उजेडात काम करत राहिले, आणि त्यासाठी हवी असलेली उघडी लेन्स आणि बारीक आवाजाचं शटर या दोन्ही गोष्टी त्या पहिल्याच कॅमेऱ्यात होत्या. नशिबानं हातात दिलेलं हत्यार कामाच्या जातीशी जुळलं. ज्यांच्यासाठी टॅक्सीत कोणी काही विसरत नाही, त्यांना हे जुळवणं स्वतः करावं लागतं. पुढची पानं त्यांच्यासाठी.

आधी यंत्राची ओळख. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात डोळा लेन्समधून पाहत नाही, तो शेजारच्या खिडकीतून पाहतो. काही अंतरावर दुसरी छोटी खिडकी असते. तिच्यातली प्रतिमा आरशावरून फिरून पहिल्या खिडकीच्या मध्यावर एका फिकट चौकोनात पडते. लेन्सची कडी फिरवत गेलं की ती दुसरी प्रतिमा सरकते, आणि दोन्ही एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. हे घडतं ते लेन्सच्या मागच्या कडेवर टेकलेल्या एका चिमुकल्या दांडीमुळे. लेन्स पुढेमागे होते तशी दांडी हलते, दांडी हलते तसा आरसा. सगळा खेळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा आहे, आणि म्हणूनच सत्तर वर्षांपूर्वी एका देशात बनलेली लेन्स दुसऱ्या देशातल्या बॉडीवर चढवताना तिची काच जितकी महत्त्वाची, तितकीच ती मागची कडही.

आता हावडा. नागपूरच्या फलाटावर वाढलेल्या माणसाला हावडा गावाच्या आधी पाटीवर भेटतं. मुंबई-हावडा मेल, १९७७ मध्ये सुरू झालेली गीतांजली, पुण्याहून सुटणारी आझाद हिंद या सगळ्या गाड्या तिथंच जाऊन थांबतात. उतरणारा मराठी प्रवासी बॅग सांभाळत बाहेर पडतो तेव्हा त्याच्या नकळत एक प्रयोग घडतो. हॅल्सी रिकार्डो यांनी आखलेल्या लाल इमारतीतल्या अंधाऱ्या छपराखालून तो दोन मिनिटांत हुगळीच्या काठावर येतो. आत उजेड इतका कमी की शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर आणावं लागतं. बाहेर पांढरं आकाश, चकाकणारं पाणी आणि त्यावर काळ्या पोलादाची जाळी. या दोन जागांत सहा-सात स्टॉपचा फरक सहज पडतो. जुनी लेन्स पारखायला इतकी निष्ठुर जागा देशात फार नसतील.

तो पूल म्हणजे रवींद्र सेतू. हे नाव १९६५ चं, पण रिक्षावाल्यापासून पोलिसापर्यंत सगळे त्याला हावडा ब्रिजच म्हणतात. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी तो वाहतुकीला खुला झाला. साडेसव्वीस हजार टन पोलाद लागलं, त्यातलं सुमारे तेवीस हजार टन टाटांचं. नटबोल्ट नाहीत, सगळे रिव्हेट. मधला गाळा १५०० फूट, म्हणजे ४५७ मीटर. हा शेवटचा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

लेन्सच्या गोष्टीचा उगम मात्र वेट्झलारमध्ये. ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी चालवून २४ बाय ३६ मिमीची चौकट घेतली, आणि १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत लायका जगासमोर आला. लेन्स मॅक्स बेरेक यांची. त्यांनीच पुढची अनेक वर्षं लायका बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीच्या लेन्स आखल्या. नावं ठेवण्याची त्यांची पद्धत घरगुती होती. हेक्टर या लेन्सचं नाव त्यांच्या कुत्र्याचं. आज संग्राहक ज्या नावासाठी लिलावात चढाओढ करतात ते मुळात अंगणात भुंकत होतं, हे लक्षात असलेलं बरं.

लेन्स काढता-घालता यायला लागली ती १९३० पासून, आणि वर्षभरात माप ठरलं. ३९ मिमी व्यासाचा आटा. १९३२ मध्ये लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर आला. पुढे हा ३९ मिमीचा आटा साऱ्या जगानं उचलला. सोव्हिएत संघातल्या फेड आणि झोर्की, जपानमधला कॅनन, आणि कितीतरी छोटे कारखाने. १९५४ मध्ये लायका एम३ आला, आटा गेला, फिरवून बसवायची एम खाच आली. पण वेट्झलारच्या लोकांनी एक शहाणपण केलं. लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर आट्याच्या बॉडीत २८.८ मिमी होतं, ते एम बॉडीत २७.८ ठेवलं. बरोबर एक मिलिमीटर कमी. त्यामुळे एक मिलिमीटर जाडीची पितळी कडी लावली की १९३५ ची लेन्स एम३ वर बसते आणि रेंजफाइंडरही चालतो. उलट दिशेनं हे होत नाही. म्हणून ज्याला आयुष्यात कधीतरी बॉडी बदलायची इच्छा होणार आहे, त्यानं पहिली लेन्स आट्याची घ्यावी.

पन्नास मिमीच्या लेन्सपासून सुरुवात करणं हा जुना रिवाज, आणि तो रिवाज खरा आहे. एल्मार ही बहुतेकांची पहिली ओळख असते. ५ सेंटिमीटर, एफ ३.५, चार भिंगं, ओढून बाहेर काढायची नळी. लहान, हलकी, बंद केली की कॅमेरा शर्टाच्या खिशात मावतो. उन्हात ती आजही खणखणीत चित्र देते. संध्याकाळी मात्र ती लवकर घरी जायला निघते. तिच्यानंतरची १९३३ ची सुमार ही एफ २ ची. नावावर जाऊ नये, लेन्स तशी सुमार नाही, पण तिचं पुढचं भिंग मऊ काचेचं आहे. नव्वद वर्षांत धोतराच्या सोग्यानं, रुमालानं, साडीच्या पदरानं ते इतक्या वेळा पुसलं गेलंय की बाजारात येणाऱ्या बहुतेक सुमार लेन्सच्या तोंडावर बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं. शिवाय दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या लेन्सवर कोटिंग नव्हतं. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर चार-पाच टक्के प्रकाश परततो, आणि हा परतलेला प्रकाश आतल्या आत नाचून चित्रावर धुरकट पडदा टाकतो.

हाच हिशेब मांडून लुडविग बर्टेले यांनी झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी सोनार बांधली. भिंगं जास्त, पण एकमेकांना चिकटवून तीनच गट केले. म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग फक्त सहा. सुमारला आठ. कोटिंगच्या आधीच्या जगात हे दोन पृष्ठभाग वाचवणं म्हणजे मोठी कमाई होती, आणि म्हणून १९३२ मध्ये एफ १.५ इतकी उघडी लेन्स वापरण्याजोगी ठरली. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये कोटिंगचा शोध लावल्यावर हे गणित सैल झालं, पण सोनारचा गोडवा टिकला. मधला भाग स्पष्ट, कडा हळूच विरघळलेल्या, मागची पार्श्वभूमी गोल गोल. तिचा एक हट्टही आहे. अॅपर्चर बंद करत गेलं की फोकसची जागा थोडी मागे सरकते. जवळच्या चेहऱ्यावर एफ २.८ ला डोळा धरावा आणि प्रिंटमध्ये कान स्पष्ट यावा, असं होतं. दोन-तीन रोलनंतर हाताला अंदाज येतो.

युद्ध संपलं तेव्हा झाइसची यंत्रं आणि आराखडे सोव्हिएत संघात गेले. कॉन्टॅक्स कीव्हमध्ये कीव्ह या नावानं जन्मला, आणि सोनारच्या ज्युपिटर झाल्या. ज्युपिटर-८ ही पन्नास एफ २, ज्युपिटर-३ ही एफ १.५, आणि पस्तीस मिमीची ज्युपिटर-१२ ही झाइसच्याच बिओगॉनची बहीण. सोनारची चव कमी पैशात चाखायची तर ज्युपिटर-८ ला तोड नाही. पण दोन गोष्टी आधी सांगितल्या पाहिजेत. एक, या कारखान्यांत एका नगासारखा दुसरा नग निघेल याची हमी नसे. दोन, आट्याच्या सोव्हिएत लेन्स ज्या मापावर फोकस करतात ते लायकाच्या मापाशी तंतोतंत जुळत नाही. झोर्कीवर किंवा फेडवर सगळं ठीक, लायकावर लांबच्या दृश्यातही ठीक. पण एक मीटरवर, पूर्ण उघड्या अॅपर्चरला, काही सेंटिमीटरची चूक होते. अशा लेन्सवर विक्रेता 'लायका फिट' असं लिहितो. आट्यापुरतं ते खरं असतं.

जपानी लेन्सना जगानं गांभीर्यानं घेतलं त्यामागे एका माणसाचा हात आहे. 'लाइफ'चा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन १९५० मध्ये टोकियोत होता. जुन मिकी या त्याच्या जपानी सहकाऱ्यानं त्याचाच एक फोटो निक्कोरच्या ८५ मिमी लेन्सनं काढून दाखवला. डंकननं प्रिंट पाहिली, निक्कोर बनवणाऱ्या निप्पॉन कोगाकूच्या कारखान्यात गेला, लेन्स घेतल्या, आपल्या लायकावर चढवल्या आणि कोरियाच्या आघाडीवर निघून गेला. त्या वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात जपानी काचेची वाखाणणी छापून आली. आज भारतात पहिली आट्याची लेन्स शोधणाऱ्याला सगळ्यात सरळ सल्ला द्यायचा तर तोही जपानीच आहे. कॅननची ५० मिमी एफ १.८. पितळ-अॅल्युमिनियमचं घट्ट बांधकाम, कोटिंग चांगलं, लायकाच्या मापाशी जुळलेली. नाव मोठं नसल्यानं किंमतही उगाच चढलेली नाही. एक रोग मात्र तिला ठरलेला. अॅपर्चरच्या मागच्या भिंगावर दुधाळ थर बसतो, आणि फार वर्षं तसाच राहिला तर तो काचेलाच खातो. साफ निघाली तर सोनं, न निघाली तर शोभेची वस्तू.

पस्तीस मिमीच्या लेन्स जरा निराळ्या प्रकृतीच्या असतात आणि त्यांच्याबद्दल बोलताना पुलाचा तो आकडा हवा. ४५७ मीटरचा मधला गाळा समोरून एका चौकटीत बसवायचा तर ५० मिमीच्या लेन्सला साधारण ६३५ मीटर मागे जावं लागतं. ३५ मिमीला ४४४ मीटर पुरतात. म्हणजे दोनशे मीटरच्या आसपास फरक, आणि घाटावर उभ्या माणसाला मागे सरायला तेवढी जागा नसते, तिथं बोट, पायऱ्या आणि झेंडूच्या माळा असतात. मल्लिक घाटाच्या फूलबाजारात तर समोरच्या हमालाच्या डोक्यावरची टोपली आणि छायाचित्रकाराचं नाक यांत हातभर अंतर उरतं. तिथं पस्तीस मिमी ही चैन नाही, गरज आहे. लाइट्झची सुमारॉन एफ ३.५ ही या कामाची गुणी लेन्स. उघडी कमी, पण फूलबाजार दिवसाचाच असतो.

आणि तरीही ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतांश काम पन्नास मिमीवर केलं. १९३२ च्या सुमारास लायका हाती आला तेव्हापासून. १९४७-४८ मध्ये ते भारतात होते. ३० जानेवारीला गांधीजींना भेटले, आणि ती भेट संपून फार वेळ गेला नव्हता तोच हत्येची बातमी आली. पुढे त्यांच्या भारतातल्या छायाचित्रांचं पुस्तक १९८७ मध्ये निघालं, त्याची प्रस्तावना सत्यजित राय यांनी लिहिली. घोषांच्या कॅनोनेटसमोर उभे राहिलेले राय ब्रेसाँच्या लायकाची भाषा चांगली जाणून होते. दुसऱ्या टोकाला रघुबीर सिंह. जयपूरचा हा तरुण साठच्या दशकात कोलकात्यात राहिला, शहर आणि गंगा दोन्ही त्याला सुटले नाहीत. रंगीत स्लाइड फिल्म आणि हातात धरलेला छोटा कॅमेरा एवढ्यावर त्यानं काम केलं. त्याच्या नावाजलेल्या चित्रांतलं एक १९९१ चं, हावड्यातल्या फुटपाथवरच्या आरशांच्या दुकानाचं. आरशांत रस्ता तुकड्या-तुकड्यांनी भरलेला. कुठली चौकट आरशाची आणि कुठली कॅमेऱ्याची, हे डोळ्याला शोधावं लागतं. गर्दीतून एक माणूस उचलायचा की अख्खी गर्दी एका चौकटीत नांदवायची, हे ज्याला स्वतःपुरतं कळलं त्याचा नाभीय लांबीचा प्रश्न सुटला.

बॉडी काय झेपते हेही पाहावं लागतं. दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडर किती मोठं दाखवतो, हा गुणाकार रेंजफाइंडरची धार सांगतो. एम३ मध्ये हे माप साधारण ६२ मिमी येतं, तर २००० मध्ये कोसिना कंपनीनं आणलेल्या बेसा आर मध्ये पंचविसाच्या आसपास. एम३ वर ९० मिमी उघडी लेन्स निर्धास्त चालते. बेसा आर वर ती लावणं म्हणजे दोऱ्यानं माळ्याची फळी बांधणं. उलट एम३ मध्ये ३५ मिमीची चौकटच नाही, तिच्या खिडकीत सुरुवात पन्नासपासून. त्यासाठी लाइट्झनं ३५ मिमीच्या लेन्सना चक्क चष्मा लावून विकलं. लेन्सच्या डोक्यावर दोन भिंगांची जोडी, ती व्ह्यूफाइंडरसमोर येते आणि दृश्य रुंद होतं. हे चष्मेवाले नग दिसायला बोजड, म्हणून साध्या नगांपेक्षा स्वस्तात जातात. एम३ असणाऱ्यानं ते हसतमुखानं घ्यावेत. आणखी एक सावधगिरी: ज्युपिटर-१२ चं मागचं भिंग बॉडीत खोल घुसतं, आणि एल्मारसारखी नळीची लेन्स बंद करताना आत जाते. लायका एम५ किंवा सीएल यांसारख्या, आतमध्ये लाइटमीटरची दांडी झुलवणाऱ्या बॉडीत या दोन्ही गोष्टी महागात पडतात.

अॅपर्चरच्या मोठेपणाचा मोह मात्र मराठी माणसालाही सुटत नाही, मग तो हापूसच्या पेटीवरचा आकडा असो की लेन्सवरचा. एफ १.२, एफ ०.९५. कॅननची ती ०.९५ ची लेन्स १९६१ ची, तिच्या भोवती दंतकथा पुष्कळ. इथं साधा हिशेब करावा. १०० आयएसओची फिल्म, चैत्राचं ऊन. शटर १/१२५ ठेवलं तर अॅपर्चर १६. शटर हजारापर्यंत चढवलं तरी ५.६. त्याच्याहून मोठं अॅपर्चर या उन्हात उघडताच येत नाही, आणि जुन्या बऱ्याच बॉडींचं शटर पाचशेपाशीच थांबतं. म्हणजे एफ १.२ ची वजनदार काच दिवसभर गळ्यात लटकून संध्याकाळची वाट पाहणार. ज्याचं काम खरोखर दिवेलागणीनंतर सुरू होतं, नाटकाच्या विंगेत, दुर्गापूजेच्या मंडपात, शेवटच्या लोकलमध्ये, त्यानं ती घ्यावी. बाकीच्यांनी एफ २ वर समाधान मानावं आणि उरलेल्या पैशांत फिल्म घ्यावी.

ऊन आणि धूसर हवा यांचाही लेन्सशी संबंध आहे. कोटिंग नसलेली लेन्स छटांमधला विरोध मवाळ करते. एप्रिलच्या कडक उन्हात ही मवाळी कामाला येते, सावलीतले चेहरे काळे पडत नाहीत. पण डिसेंबरच्या सकाळी हुगळीवर धुकं आणि धूर एकत्र तरंगत असताना तीच लेन्स सगळ्यावर राखाडी पिठलं ओतते. मल्लिक घाटावरून पश्चिमेला, हावड्याकडे पाहिलं तर सकाळचा सूर्य पाठीशी असतो. हावड्याच्या काठावरून कोलकात्याकडे पाहिलं तर थेट डोळ्यांत. एकच लेन्स दोन काठांवर दोन वेगळ्या लेन्ससारखी वाटते. म्हणून जुन्या लेन्सच्या किमतीत हूडची किंमत आधीच धरावी.

आता या सगळ्याहून मोठा विषय: फंगस. बुरशी असा साधा मराठी शब्द आहे, पण बोराबाजारातला दुकानदार असो की कोलकात्याच्या मेट्रो गल्लीतला, तो 'फंगस'च म्हणतो, आणि बहुधा 'थोडासा है' असं पुढे जोडतो. हवेतला ओलावा साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला रान मोकळं. कोलकात्यात पावसाळ्यात तो ऐंशीच्या वर असतो, मुंबई आणि कोकणातही त्याहून बरी स्थिती नाही. बंगालमध्ये आणि किनारपट्टीवर लेन्स मरते ती पडून नव्हे, जपून. जुन्या माणसांनी कॅमेरा मूळ चामडी केसमध्ये, केस मखमली कापडात, कापड लोखंडी पेटीत, पेटीत डांबरगोळ्या अशा थाटात ठेवला. चामडं ओलावा धरून बसतं, बंद पेटीत हवा हलत नाही, आणि बुरशी चाळीस पावसाळे निवांत जेवते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे धागे आधी कोटिंग खातात, मग तिच्या स्रावानं काच कोरली जाते. धागे पुसले जातात, कोरीव काम पुसता येत नाही.

म्हणून टॉर्च. जुनी लेन्स घेताना दुकानाच्या काउंटरवर तिच्या नावाची प्रशंसा ऐकत बसू नये. अॅपर्चर पूर्ण उघडावं, मागच्या बाजूनं तिरका उजेड टाकावा, पुढून पाहावं. मग उलटं करून पाहावं. धागे दिसले तर फंगस. सगळीकडे सारखा दुधाळपणा दिसला तर वंगणाची वाफ बसलेली, ही बहुधा साफ होते. कडेला इंद्रधनुष्यासारखा पट्टा दिसला तर दोन भिंगांमधला जुना गोंद सुटलेला, ते काम महाग. एखाद-दुसरा बारीक बुडबुडा दिसला तर घाबरू नये, त्या काळच्या चांगल्या काचेत तो असायचाच. धूळ तर प्रत्येकीत असते. स्क्रूच्या डोक्यांवर ओरखडे आहेत का हे पाहावं. असले तर लेन्स आधी उघडली गेली आहे, आणि कोणी उघडली हा प्रश्न उरतो. कडी फिरवताना हात थांबतो का? ग्रीस वाळलं असेल, ते बदलता येतं.

फोकसची परीक्षा घरी करता येते, पण बॉडी पाहून. झोर्की-४ ची पाठ पूर्ण निघते, लायका एमची पाठ झाकणासारखी उघडते. तिथं फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपरची पट्टी ताणून चिकटवावी, शटर बी वर धरून ठेवावं, आणि एक मीटरवरचं वर्तमानपत्र रेंजफाइंडरनं फोकस करून पट्टीवर भिंगानं पाहावं. अक्षरं वाचता आली तर जोडी जमली. आट्याच्या जुन्या लायकाची पाठ उघडतच नाही, फिल्म खालून जाते. तिथं रोल घालूनच खात्री करावी लागते. झोर्की-४ वाल्यांना जाता जाता एक आठवण: शटरचा वेग फिल्म ओढल्यानंतरच बदलायचा, आधी नाही. ही चूक एकदाच करता येते.

ज्यांना बाजारात अचानक सोन्याच्या मुलाम्याचा, जर्मन हवाईदलाचं चिन्ह कोरलेला, ऑलिंपिकची वर्तुळं मिरवणारा लायका दिसतो, त्यांच्यासाठी दोन शब्द. तो फेड किंवा झोर्की असतो. सोव्हिएत बॉडीवर नवं नाव कोरून असे लायका मोठ्या संख्येनं तयार झाले, आणि चोरबाजारापासून बर्लिनच्या फुटपाथपर्यंत विकले गेले. ओळख सोपी आहे. लेन्स काढून आत पाहावं. अस्सल लायकात त्या छोट्या दांडीच्या टोकाला गोल चाक असतं, फेड-झोर्कीत पाचरीसारखी चपटी जीभ. वरचं कोरीव काम कितीही देखणं असलं तरी ही जीभ खोटं बोलत नाही. अर्थात चांगली चालणारी झोर्की झोर्कीच्या भावानं मिळत असेल तर घ्यायला हरकत काय?

पुढची प्रकरणं एकेका लेन्सची आहेत. ती सलग वाचण्याची गरज नाही. हातात जी बॉडी आहे तिच्यापासून सुरुवात करावी, तिच्या आट्याला किंवा खाचेला जुळणाऱ्या दोन-तीन लेन्स निवडाव्यात, आणि त्यांतली जी सगळ्यात स्वच्छ मिळेल ती घ्यावी, मग तिचं नाव छोटं का असेना. घरी आणल्यावर तिला चामडी केसमधून बाहेर काढावं, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावं, जेलचा रंग बदलला की ते वाळवावं, आणि पावसाळ्यातही महिन्यातून एक रोल तिच्यातून काढावा. दुकानदाराकडून मात्र एक गोष्ट बिलावर लिहून घ्यायला विसरू नये: पहिला रोल धुऊन येईपर्यंत लेन्स परत करण्याची मुभा.